गाडीला दम खाऊ द्या
(१९८३ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू इतकी वर्षं जर्मनीत आहेस, वीस मिनिटं यशाबद्दल काहीतरी बोल." मी म्हटलं, यशाबद्दल बोलायला आपल्या वर्गात डॉक्टर आहेत, तहसीलदार आहेत, दोन मुख्याध्यापिका आहेत. माझ्या खात्यावर सांगण्यासारखी एकच मोठी गोष्ट आहे. मी एक चांगलं चालणारं इंजिन माझ्या हातानं जाळलेलं आहे. त्यावर बोलू का? ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बोल, पण जेवणाच्या आधी संपव." तेव्हा घड्याळाकडे लक्ष ठेवून बोलतो.

आपल्या लहानपणी पुणे-बंगळूर रस्ता कराडवरून जायचा, तेव्हा त्या रस्त्यावर कधीकधी एक गोलमटोल परदेशी गाडी दिसायची. पुढून चेहरा असल्यासारखी, दोन गोल डोळे, अंगावर फुलं रंगवलेली, आत लांब केसांचे गोरे लोक. युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत ही मंडळी जमिनीच्या रस्त्यानं भारतात यायची आणि त्यातली बरीचशी गोव्याला जायची. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आपल्यापैकी काही जण सायकली टाकून ती गाडी बघायला थांबल्याचं मला चांगलं आठवतं. त्या गाडीच्या मागच्या बाजूला इंजिन असतं आणि पुढे रेडिएटरच नसतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पुढे नोकरीनिमित्त मी हॅनोव्हरला जाऊन पडलो. तिथे गेल्यावर कळलं, ती गाडी इथेच तयार व्हायची. फोक्सवॅगनची टाइप टू. जर्मन लोक तिला लाडानं बुली म्हणतात. १९४७ साली बेन पोन नावाच्या डच व्यापाऱ्यानं वहीच्या पानावर तिचं एक साधं रेखाटन केलं, १९५० मध्ये ती वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यातून बाहेर पडायला लागली आणि १९५६ पासून हॅनोव्हरला. मी २००८ साली एक घेतली. १९७४ चं मॉडेल, आत झोपायची फळी, छोटा ओटा, वर उघडणारं छप्पर. सोळाशे सीसीचं इंजिन, ताकद पन्नास अश्वशक्ती. आज आपल्याकडच्या छोट्या मोटारीलाही याहून जास्त ताकद असते. सामान आणि माणसं भरली की ही गाडी दोन टनांच्या जवळ जाते. म्हणजे पन्नास घोडे, आणि ओझं दोन टनांचं. हे गणित लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हे इंजिन थंड कसं होतं ते सांगतो. आपल्या ट्रकला, एस.टी.ला, मोटारीला पाणी लागतं. पाणी इंजिनातली उष्णता घेतं, रेडिएटरमध्ये जातं, तिथे वारा लागून थंड होतं, परत येतं. माझ्या बुलीत पाण्याचा थेंब नाही. चार सिलिंडर, दोन उजवीकडे, दोन डावीकडे, आडवे झोपलेले. प्रत्येक सिलिंडरला बाहेरून पातळ पातळ कडा असतात, मोटारसायकलच्या इंजिनाला असतात तशाच. त्यांना फिन्स म्हणतात. मोटारसायकलला धावताना समोरून वारा लागतो. इथे इंजिन मागे, पेटीत बंद. त्याला वारा कुठून लागणार? म्हणून डायनामोच्या दांड्यावरच एक मोठा पंखा बसवलेला असतो. इंजिनावरचा पट्टा डायनामो फिरवतो आणि त्याबरोबर पंखाही फिरतो. इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्या मारत असेल तेव्हा हा पंखा सेकंदाला पाचशे लिटरहून जास्त हवा ढकलतो. ही हवा पत्र्याच्या एका घुमटातून खाली सिलिंडरवर येते, फिन्समधून जाते, गरम होते आणि गाडीच्या खालून बाहेर पडते.

आता गंमत बघा. हवा वरून थंड आत येणार आणि खालून गरम बाहेर जाणार. या दोन हवा एकमेकींना भेटता कामा नयेत. म्हणून इंजिनाच्या भोवती चारी बाजूंनी पत्रे असतात आणि पत्रे व गाडीचं अंग यांच्यामधली फट बुजवायला रबराची पट्टी असते. वरचा मजला थंड, खालचा मजला गरम, आणि मधली स्लॅब म्हणजे हे पत्रे आणि रबर. दिसायला अगदी क्षुल्लक. इंजिन चालू करायला त्यांची काही गरज नाही. ते काढून ठेवले तरी गाडी सुरू होते, चालते, आवाजही बदलत नाही. म्हणूनच ते धोक्याचे.

२०११ च्या वसंतात क्लच बदलायला मी इंजिन उतरवलं. पुस्तक बघून, घरच्या गॅरेजमध्ये, स्वतः. फार अभिमान वाटला. परत बसवताना डाव्या बाजूची रबरपट्टी फाटलेली निघाली. म्हटलं, मागवू नंतर. इंजिनाखालच्या डाव्या पत्र्याचे स्क्रू गंजून तुटले. म्हटलं, एवढासा पत्रा, राहू दे. इंजिन थंड असताना हवा अडवून ठेवणाऱ्या झडपा असतात, त्या थर्मोस्टॅटवर चालतात. मी विचार केला, हवा अडवायचीच कशाला? त्याही काढून टाकल्या. माझं तर्कशास्त्र साताऱ्याचं होतं. उन्हाळ्यात आपण काय करतो? दारं-खिडक्या सताड उघडतो. जितकं उघडं तितकं गार.

माझ्या शेजारी एक आजोबा राहायचे. आयुष्यभर गॅरेजमध्ये याच गाड्यांवर काम केलेले. ते कुंपणावरून बघत होते. मातीत पडलेला तो पत्रा त्यांनी उचलला, पुसला, माझ्या बाकावर ठेवला आणि म्हणाले, "हा उरलाय." मी म्हटलं, "नंतर लावतो." त्यांनी खांदे उडवले आणि गेले. जर्मन माणूस दुसऱ्यांदा सांगत नाही.

त्याच जून महिन्यात माझे वडील हॅनोव्हरला आले. तीन महिन्यांसाठी. आई आदल्या वर्षी गेली होती, घरी एकटे होते. आपल्यापैकी ज्यांनी त्यांना पाहिलं असेल त्यांनी ते पाहिलं हे बहुतेक त्यांना ठाऊक नसेल. ते मी पुढे सांगतो. घरात आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. वय चौऱ्याहत्तर. एस.टी.तून निवृत्त झालेले चालक. कुंभार्ली, खंबाटकी, पसरणी, आंबेनळी, सगळे घाट हाताखालून गेलेले. त्यांना म्हटलं, तात्या, तुम्हाला युरोपातला घाट दाखवतो.

ऑस्ट्रियात ग्रोसग्लॉकनर नावाचा घाट आहे. १९३५ साली खुला झालेला अठ्ठेचाळीस किलोमीटरचा रस्ता, छत्तीस मोठी वळणं, काही ठिकाणी शंभराला बारा चढ, आणि सगळ्यात वरची खिंड अडीच हजार मीटरवर. महाबळेश्वरपेक्षा एक हजार मीटरहून जास्त उंच. प्रत्येक वळणावर त्याचा क्रमांक आणि उंची लिहिलेली पाटी. तात्या खुश. पाट्या वाचत होते, उतरणाऱ्या गाड्यांना कोण वाट देतं, कोण देत नाही, यावर शेरे मारत होते. मी चालवत होतो, शेजारी ते, मागे माझी बायको आणि मुलगी.

चढ सैल झाला की मी तिसरा गिअर टाकायचो. फेऱ्या कमी, म्हणजे इंजिनाला त्रास कमी, असा माझा हिशेब. दोन-तीनदा झाल्यावर तात्या म्हणाले, "गिअर उतरव. ओढंना झालीया ती." मी म्हटलं, "तात्या, ही वेगळी गाडी आहे." थोड्या वेळानं वास यायला लागला. तापलेल्या तेलाचा. तात्यांनी काच खाली केली, कान बाहेर काढला. इंजिनातून डब्यात वाटाणे हलवल्यासारखा आवाज येत होता. म्हणाले, "कडंला घे. जरा दम खाऊ दे तिला."

मित्रांनो, तेव्हा मी जे बोललो ते शब्द मला आजही पाठ आहेत. मी म्हणालो, "तात्या, हिला रेडिएटर नाही. पाणीच नाही तर उकळणार काय? तुमच्या लाल डब्यासारखं नाही हे." मागे माझी मुलगी हसली. तात्या काही बोलले नाहीत.

आणखी चार वळणं गेली. एका वळणावर गाडी हळू झाली आणि तेलाच्या दाबाचा दिवा लुकलुकला. मी गाडी तशीच रेटली. फुशर टोर्ल नावाच्या खिंडीच्या थोडं खाली मागून हातोडा मारल्यासारखा आवाज झाला, एकदा, दोनदा, मग सलग. मग सगळं शांत. गाडी मागे सरकायला लागली. मी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. तात्या केव्हाच खाली उतरले होते आणि मागच्या चाकाला दगड लावत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. मला दरवाजा उघडायचंही सुचलं नव्हतं.

टोइंगची गाडी येईपर्यंत दोन तास आम्ही कठड्यावर बसलो. समोर बर्फाचे डोंगर. "मी सांगत होतो" हे वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. थर्मासमधला चहा वाटला, फडक्याला हात पुसले आणि मुलीला डोंगरांची नावं विचारत बसले.

आता मला थोडं मागे जायचं आहे, कारण हे मी दुसऱ्या कुणापुढे सांगू शकत नाही. इथेच सांगू शकतो.

आठवीची सहल आठवते? डिसेंबर १९८०. वाई, पाचगणी, महाबळेश्वर, प्रतापगड. प्रासंगिक करारावर घेतलेली एस.टी. पसरणीच्या घाटात अर्ध्यावर गाडी तापली आणि चालकानं ती कडेला उभी केली. पाऊण तास. आपण आत कंटाळलो. मग कुणीतरी सुरू केलं, "ड्रायव्हर काका, गाडी हाका!" आणि सगळी गाडी ओरडायला लागली. बाईंनी दोनदा गप्प केलं, तरी आपण थांबलो नाही. बाई, तुम्हाला आठवत असेल.

ते ड्रायव्हर काका म्हणजे माझे वडील.

वर्गात मी सांगितलं होतं, वडील आगारात नोकरीला आहेत. लोकांना वाटायचं, कारकून असतील. मी ते वाटू दिलं. त्या दिवशी सकाळी शाळेच्या दारात गाडी लागली आणि चालकाच्या जागी तात्या बसलेले दिसले, तेव्हा मी मागच्या दारानं चढलो आणि शेवटून दुसऱ्या बाकावर जाऊन बसलो. त्यांनीही मला हाक मारली नाही. आणि घाटात ती घोषणा सुरू झाली तेव्हा मी गप्प बसलो नाही. सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलो. कुणाला शंका येऊ नये म्हणून.

त्या रात्री ऑस्ट्रियातल्या एका खेड्यातल्या खाणावळीच्या खोलीत आम्ही दोघं झोपलो होतो. दिवा घालवल्यावर मी म्हणालो, "तात्या, चुकलं माझं." ते म्हणाले, "इंजिनाचं काय, दुसरं घालशील." बऱ्याच वेळानं, मला वाटलं झोपले असतील, तेव्हा म्हणाले, "तुमच्या सहलीला पण थांबलोच होतो की. पोरं कावली होती. पण चढावर बंद पडून मागं घरंगळली असती, तर पोरं लोकांची होती." आणि मग म्हणाले, "एक माझं होतं. आवाज ओळखला होता मी."

एकतीस वर्षं त्यांनी ते मनात ठेवलं होतं, आणि सांगताना आवाजात राग नव्हता. मला उत्तर देता आलं नाही.

गाडी हॅनोव्हरला आणली. तात्यांच्या व्हिसाचे सात आठवडे उरले होते. आम्ही दोघांनी गॅरेजमध्ये इंजिन उतरवलं आणि उघडलं. तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मानेपासून तुटला होता आणि पिस्टनला भगदाड पाडून गेला होता. तिसरा सिलिंडर म्हणजे डावीकडचा पुढचा. तुमच्या लक्षात आलं असेल, पट्टी आणि पत्रा मी डावीकडचाच सोडला होता. इंजिनाखालची गरम हवा त्या फटीतून वर येत होती, पंखा तीच परत ओढत होता, आणि तीच सिलिंडरवर सोडत होता. आपले विज्ञानाचे सर समोर बसले आहेत. सर, तुम्ही वहन, अभिसरण, प्रारण शिकवताना म्हणायचात, हवा आळशी असते, ती सोपी वाट धरते. तीन गुणांचा प्रश्न होता तो. मला गुण मिळाले होते आणि अर्थ कळायला चौतीसशे युरो लागले.

तात्यांनी वरचा घुमट काढायला लावला. क्लचच्या वेळी तो मी काढलाच नव्हता. खाली फिन्समध्ये तेल आणि धूळ यांचा थर बसून वाळलेला, वर सुकलेली पानं आणि उंदरानं आणलेला कापूस. वारा जायला जागाच नव्हती. तात्यांनी ब्रश आणि रॉकेल घेतलं आणि तीन दिवस एकेक फट साफ करत बसले. शेजारचे आजोबा कुंपणावरून बघायचे. चौथ्या दिवशी खुर्ची घेऊन आत आले. एकाला मराठी, एकाला जर्मन. मी दुभाषा म्हणून उभा राहिलो तर दोघांनीही मला हातानं बाजूला व्हायला सांगितलं. पाना दाखवायचे, मान डोलवायचे, आणि काम पुढे जायचं.

चुका किती होत्या बघा. पट्टी नाही, पत्रा नाही, फिन्स बुजलेल्या, गिअर चुकीचा. त्यात उंची. अडीच हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या जवळजवळ अठ्ठ्याहत्तर टक्केच दाट असते. तितकाच पंखा फिरला तरी हवा कमी. एकट्या कुठल्याही चुकीनं कदाचित इंजिन गेलं नसतं. सगळ्या एका चढावर एकत्र आल्या. आणि या सगळ्यांच्या वर, सांगणाऱ्याचं न ऐकणं.

आता तुमच्यापैकी कुणाकडे असं इंजिन असायची शक्यता कमी. पण आपल्यात स्कूटर, मोटारसायकल, शेतावरचं डिझेल पंपाचं इंजिन वापरणारे बरेच आहेत, आणि हवेवर थंड होणारं इंजिन सगळीकडे तेच मागतं. त्या सात आठवड्यांत मी जे शिकलो आणि गेली बारा वर्षं पाळतो आहे, ते थोडक्यात सांगतो.

पहिलं, गिअर. माझ्या गाडीचा पंखा इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरतो, गाडीच्या वेगावर नाही. वरच्या गिअरमध्ये कण्हत चढवलं की काम जास्त आणि वारा कमी. म्हणून चढ दिसला की आधीच गिअर उतरवायचा आणि इंजिन मोकळं फिरू द्यायचं. तात्या हे इंजिन आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, पण कानानं त्यांना ते दोन किलोमीटरमध्ये कळलं होतं.

दुसरं, पट्टा. अंगठ्यानं दाबला की साधारण पंधरा मिलिमीटर आत जायला हवा. सैल असेल तर घसरतो, फार ताठ असेल तर डायनामोची बेअरिंग खातो. डायनामोच्या पुलीचे दोन अर्ध असतात, त्यांच्यामध्ये पातळ चकत्या. मधली चकती काढून बाहेर नटाखाली ठेवली की पट्टा ताठ होतो. चकती फेकायची नाही, तिथेच ठेवायची. चार्जिंगचा लाल दिवा लागला तर आपल्याला वाटतं, बॅटरीचं काहीतरी असेल, घरी जाऊन बघू. या गाडीत त्या दिव्याचा अर्थ पट्टा तुटला असाही असतो, म्हणजे पंखा थांबला. तेव्हा ताबडतोब कडेला घेऊन इंजिन बंद. एरवी मात्र, लांब चढ चढून आल्यावर लगेच बंद करायचं नाही. एक-दोन मिनिटं तसंच चालू ठेवायचं, म्हणजे पंखा साठलेली उष्णता बाहेर काढतो.

तिसरं, तेल. या इंजिनात फक्त अडीच लिटर तेल असतं आणि कागदाचा फिल्टर नसतो, नुसती जाळी असते. तेल वंगण तर देतंच, पण उष्णताही वाहून नेतं. पंख्याच्या हवेत एक छोटा ऑइल कूलर असतो, त्यातून ते थंड होऊन येतं. म्हणून दर पाच हजार किलोमीटरला तेल बदलायचं, जाळी धुवायची, आणि लांब निघताना रोज सकाळी दांडी ओढून बघायची. कारखान्यातून आलेल्या गाडीत इंजिनाचं तापमान दाखवणारा काटाच नाही. मी तेलासाठी एक बसवून घेतला. काटा एकशेवीसच्या वर गेला की मी थांबतो. समोर कितीही सुंदर वळण असलं तरी.

चौथं, व्हॉल्व्ह. हे मला सगळ्यात आवडतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरून जळता वायू जातो, तो लाल होण्याइतका तापतो. मग थंड कसा होतो? बंद होऊन आपल्या बैठकीवर टेकतो तेव्हा. टेकलेल्या त्या क्षणात उष्णता बैठकीतून सिलिंडरच्या डोक्यात आणि तिथून फिन्समध्ये जाते. फट कमी झाली की व्हॉल्व्ह नीट टेकतच नाही, आणि जळतो. म्हणून फट ठेवायची, ०.१५ मिलिमीटर, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर मोजून. फट जास्त झाली तर व्हॉल्व्ह टकटक वाजतो. कमी झाली तर आवाज बंद होतो, गाडी छान गुळगुळीत चालल्यासारखी वाटते, आणि एक दिवस व्हॉल्व्ह तुटतो. शेजारचे आजोबा म्हणायचे, वाजणारा व्हॉल्व्ह परवडला, गप्प बसलेला परवडत नाही. हे ऐकलं की मला तात्या आठवतात.

पाचवं, पेट्रोलची नळी. रबराची नळी वर्षानुवर्षं तापून कडक होते, चिरते, आणि थेंब थेंब गरम इंजिनावर पडतो. अशा कितीतरी जुन्या गाड्या रस्त्यात जळून गेल्या आहेत. नळी दिसायला चांगली असली तरी दर काही वर्षांनी बदलायची, आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवायचं. दोनशे रुपयांची नळी आणि आत झोपलेली लेकरं, यात हिशेब करायचा नसतो.

आणि सहावं, जे पुस्तकात नाही. काम संपल्यावर जमिनीवर एखादा पत्रा उरला, तर काम संपलेलं नाही.

सप्टेंबर २०११ मध्ये इंजिन पुन्हा बसलं. नवे सिलिंडर, नवे पिस्टन, डोकी दुरुस्त केलेली, सगळे पत्रे, सगळं रबर, थर्मोस्टॅट आणि त्याच्या झडपा जिथल्या तिथे. तात्या परत जायच्या आदल्या रविवारी आम्ही हार्ट्सच्या डोंगरात गेलो, हॅनोव्हरपासून जवळच आहेत. मी किल्ली त्यांच्या हातात दिली. परदेशात चालवायचा परवाना त्यांच्याकडे होता, त्यांनी तो कराडहून निघतानाच काढून आणला होता आणि मला सांगितलं नव्हतं. चढावर त्यांनी गिअर उतरवला, गाडी मोकळी गायला लागली. वर पोचल्यावर गाडी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून लावली, दोन मिनिटं चालू ठेवली, मग बंद केली. मागचं झाकण उघडून हात हवेत धरला, इंजिनाला न लावता, आणि म्हणाले, "आता बरी हाय."

तात्या २०१९ मध्ये गेले. मी वेळेवर पोचू शकलो नाही. त्यांच्या पेटीत बिल्ला, चालकाचा परवाना आणि आपल्या आठवीच्या सहलीचा फोटो निघाला. प्रतापगडाच्या पायऱ्यांवर आपण सगळे बसलेलो, बाई मधे. तो फोटो बाईंनी त्यांना पाठवला होता, मागे "चालकसाहेबांस, आभारपूर्वक" असं लिहिलेलं. बाई, तुम्ही तेव्हा आमच्या वतीनं आभार मानले होते हे मला एकोणचाळीस वर्षांनी कळलं.

फोटो मी बरोबर आणला आहे, मधल्या सुट्टीत, म्हणजे चहाच्या वेळी, सगळ्यांनी बघावा. त्यात एका कडेला, गाडीच्या दाराशी, खाकी कपड्यातला एक माणूस अर्धा दिसतो. कोण ते ओळखायला कुणी येणार नाही, म्हणून मीच सांगतो. ते माझे वडील. त्या दिवशी पसरणीच्या घाटात त्यांनी गाडी थांबवली होती म्हणून आपण सगळे आज इथे आहोत असं मी म्हणणार नाही, तेवढं नाट्य त्यांना आवडलं नसतं. पण त्या दिवशी ते बरोबर होते आणि आपण ओरडत होतो, एवढं मात्र खरं. आपल्या सगळ्यांच्या वतीनं, आणि माझ्या वतीनं जास्त, त्यांची माफी मागायला मी एवढ्या लांबून आलो.

आता आपण सगळे साठीच्या जवळ आलो. मघाशी चहाच्या टेबलावर बघितलं, कुणाला शुगर, कुणाला बीपी, कुणाचे गुडघे. जो तो म्हणत होता, अजून थांबायला वेळ नाही. मी डॉक्टर नाही, त्यावर सल्ला देत नाही. फक्त एवढंच म्हणतो, शेजारी बसलेलं कुणी "कडेला घे" म्हणत असेल, तर गाडीला रेडिएटर आहे की नाही यावर वाद घालू नका.

संयोजक घड्याळ दाखवत आहेत. मी थांबतो.